शेरा

खिडकी क्रमांक दोन, अकरा ते दीड.
बोनाफाईड, टीसी, सवलतीचे अर्ज.
काचेला अर्धगोल भोक आहे, कागद जाईल एवढं;
मुलं तिथे वाकून बोलतात,
म्हणून जे सांगतात ते हळूच सांगतात.

सोळा रकाने विद्यापीठाचे :
नाव, आईचं नाव, प्रवर्ग, उत्पन्न, आधार, वगैरे.
सतरावा मी वाढवला, दोन हजार अकरात.
मथळा दिला : शेरा.
माझ्या लक्षात राहत नाही म्हणून.

घरी फोन करू नये, लग्न ठरवतील.
वडील आत आहेत, सही आई करेल.
माहुलच्या इमारतीत राहतो, पत्ता वर्गात वाचू नये.
फिट येते. मित्रांना माहीत नाही.
फी भरू शकत नाही.

डबा खाताना शेजारच्या फडकेबाईंनासुद्धा बोलले नाही कधी,
आणि त्या तर पोटात शिरून काढून घेतात.

जूनमध्ये कंपनीचा मुलगा आला, लॅपटॉपवर स्टिकरं लावलेला.
म्हणाला, कोण कॉलेज सोडणार ते आधीच कळेल,
नावापुढे लाल ठिपका येईल.
त्याला काय लागेल, विचारलं.
असेल ते सगळं.
तुमचा शेवटचा रकाना तर सोनं आहे, मॅडम.

पतपेढीत माझ्या पाटल्या आहेत, दोन वर्षं.
गहाण सोन्याची निदान पावती मिळते.

समितीची बैठक झाली. विषय क्रमांक सहा, समोशांच्या नंतर.
संमतीचं काय, असं ग्रंथपाल म्हणाले.
ती प्रवेशअर्जातच असते, तळाशी,
मुंगीच्या अक्षरात, खूण आधीच केलेली.
ठराव एकमताने.
इतिवृत्त मीच टाइप केलं.

त्या संध्याकाळी शिपाई दिवे घालवत असताना
मी अख्खा रकाना निवडला आणि डिलीट दाबलं.
यंत्राने विचारलं :
हटवण्याचं कारण नमूद करा. किमान पन्नास अक्षरं.
खाली माझं नाव आलं, एस. पी. गोठणकर, आणि वेळ, सहा बारा.
रिफायनरीचा वास खिडकीतून आत येत होता.
मी लिहिलं : हे मला सांगितलं होतं.
पन्नास भरली नाहीत.
आणखी काय लिहायचं ते सुचेना.
पर्स घेतली, घरी गेले.

ऑगस्टात मेहजबीन तांबोळी, तृतीय वर्ष वाणिज्य.
समुपदेशनाला या, असा मेसेज तिला आला होता,
आणि दुसऱ्याच दिवशी
कुठल्याशा फायनान्सवाल्याचा : तुमच्या फीची चिंता आमची.
भोकाशी वाकून तिनं विचारलं,
मॅडम, माझ्याबद्दल आत काय लिहिलंय?

पंधरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी मॉनिटर फिरवला.
वायर पुरेना, तेव्हा प्रिंटरची काढून ती लावली.
तिनं काचेला कपाळ टेकून
स्वतःची ओळ वाचली, बोट लावून, सतराव्यापर्यंत.

हे पहिल्या वर्षाचं आहे, म्हणाली.
तेव्हा अब्बांचा टेम्पो बंद होता.
आता मी शिकवण्या घेते. पावत्या आहेत माझ्याकडे, दाखवू?

नको. पुसू का?

पुसू नका. खरंच होतं ते.
‘नाही’चं ‘नव्हती’ करा फक्त.

कारण नमूद करा, किमान पन्नास अक्षरं.
ती सांगत गेली, मी टाइप करत गेले,
टेम्पो, हप्ते, सातवीची चार मुलं, आईचं शिवणकाम.
मागे रांग कुरकुरली. दीड वाजून गेला.
पन्नासची दोनशे झाली तरी मी थांबवलं नाही तिला.

लाल ठिपका गेलेला नाही.
तो कंपनीकडून जातो म्हणे, अर्ज करावा लागतो.

आणि बाकीचे सगळे शेरे अजून वर्तमानकाळात आहेत.
दोन हजार तेराच्या त्या मुलाचे वडील
आजही आत आहेत.